रिकामा डबा परत कसा द्यायचा?

"ताई, नमस्कार. आम्ही राजारामपुरीत राहतो. शेजारी एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान असतात. आम्ही त्यांना बाई आणि सर म्हणतो. मराठी ख्रिस्ती घर. गेली सात वर्षं नाताळच्या दिवशी चर्चमधून आल्या की बाई आमच्याकडे मोठा स्टीलचा डबा पाठवतात. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या आणि वर केक. माझ्या सासूबाई अंडं खात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी बिनअंड्याचा तुकडा वेगळा बांधलेला, त्यावर चिठ्ठी. आम्ही दरवर्षी डब्यात मूठभर साखर घालून तो परत करतो. यंदा मी ठरवलं होतं की आपणही हातानं केक करून द्यायचा. २४ तारखेला ऑफिसमधून आल्यावर रात्री दही-सोड्याचा केक करायला घेतला. मिश्रण तयार झालं आणि नणंदेचा फोन आला, त्यात अर्धा तास गेला. मग ओव्हनमध्ये ठेवला, मध्ये दोनदा दार उघडून पाहिलं. केक मधोमध असा बसला की त्यात आमटी वाढता आली असती. आता २५ उलटून गेली आणि डबा ओट्यावर तसाच आहे. सासूबाई म्हणतात, 'बेकरीतून अर्धा किलो केक आण आणि देऊन टाक, एवढा पसारा कशाला.' नवरा म्हणतो, 'पुढच्या वर्षी बघू.' मुलगी दुसरीत आहे, तिला बाईंसाठी स्वतः काहीतरी बनवायचंय. त्यात सरांना शुगर. नाताळ तर संपला. मी आता काय करू?"

वयानं तू माझ्या लेकीएवढी असशील, तेव्हा सरळ अगं-तुगं करते.

आधी तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य खोडून टाक. नाताळ संपलेला नाही. तो २५ तारखेला सुरू झालाय. आपल्याला केकची दुकानं आणि लाल टोप्या २६ ला गायब झालेल्या दिसतात, म्हणून वाटतं सण आटोपला. चर्चच्या पंचांगात २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे वाट बघण्याचे. खरा सण नंतर बारा दिवस चालतो आणि ६ जानेवारीला प्रकटीकरणाच्या सणाला पोचतो. पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूला भेटायला आले, त्याची ही आठवण. मराठी बायबलमध्ये त्यांना मागी लोक म्हटलंय. सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आले. ते तीन होते असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. भेटी तीन, म्हणून लोकांनी माणसंही तीन धरली. मला त्यांचं एक फार आवडतं. नाताळच्या गोष्टीत भेटवस्तू आणणारी हीच माणसं आणि तीच उशिरा पोचली. लांबून आली होती, रस्ता विचारत आली होती. स्पेनमध्ये आजही पोरं खरी वाट बघतात ती ६ जानेवारीच्या भेटवस्तूंची, आणि त्या दिवशी कड्यासारखा गोल पाव कापतात. फ्रान्समध्ये पापुद्र्याच्या चपट्या केकमध्ये एक छोटी बाहुली लपवतात. ज्याच्या तुकड्यात ती निघेल, त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट. रशिया आणि इथिओपियात तर नाताळच ७ जानेवारीला. (आम्हा लिहिणाऱ्यांना ६ जानेवारी म्हटलं की बाळशास्त्री जांभेकर आठवतात. १८३२ साली त्याच तारखेला 'दर्पण' निघालं. ते असो.)

तर हे सदर तुझ्या हातात पडेल तेव्हा तुझ्याकडं आठवडाभर तरी असेल. बाईंच्या गॅलरीतली चांदणी अजून लटकत असेल बघ. ती आहे तोवर तुला उशीर झालेला नाही.

आता सासूबाईंचं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. पसारा नको, हे बरोबर. बेकरीतला केक, हे चूक. बाजारातला केक वाईट असतो म्हणून नव्हे, आपल्या कोल्हापुरात चांगल्या बेकऱ्यांना तोटा नाही. पण ज्या घरातून केक येतो, त्याच घरी विकतचा केक धाडायचा म्हणजे कुंभाराला गाडगं नेऊन देण्यासारखं. आणि बाईंच्या घरचा नाताळ काल-परवाचा नसणार. रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आजही आपल्याकडं आहे. म्हणजे या गावात नाताळचा फराळ निदान पाच-सहा पिढ्या होत आला. त्या ताटात करंजी आणि चकली का असते, असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटतं, नसती तरच नवल. ज्या हातांना करंजीची मुरड येते, ते हात सण आला की करंजीच करणार.

तुझी चूक झाली ती इथंच. मिश्रणाची चूक नंतर सांगते. तुझ्या हाताला केकची सवय नाही, आणि तू तो २४ तारखेला रात्री, ऑफिसातून दमून आल्यावर, पहिल्यांदा करायला घेतलास. त्यांच्या केकला उत्तर म्हणून केक. हातानं करून द्यायची वस्तू आपल्या हाताला आधीपासून ओळखीची असावी, किंवा फार तर तिची चुलत बहीण असावी. तुला शंकरपाळी येते ना? लाटता येतं, कातण फिरवता येतं? मग तुला बिस्किटं येतात. फक्त अजून केली नाहीस एवढंच.

केकचं थोडक्यात. दही आणि सोडा एकत्र भिजले की त्याच क्षणी बुडबुडे यायला लागतात. तेच केकला फुगवतात. तुझ्या नणंदेनं अर्धा तास खाल्ला, तेवढ्यात ते निघून गेले. उरलंसुरलं तू दार उघडून घालवलंस. आत मधला भाग अजून ओला होता, गार हवा लागली आणि तो खाली बसला. पुढच्या वेळी ओव्हन आधी तापव, भांड्याला तूप-मैदा लावून ठेव, मगच दह्यात सोडा घाल, आणि पहिली पंचवीस मिनिटं काचेतूनच बघ. फोन वाजू दे. बसलेला केक फेकला नसशील तर चुरून त्यात संत्र्याचा रस आणि काजूचे तुकडे घाल, लाडू वळ, सुक्या खोबऱ्यात घोळव. पोरं मागून मागून खातील. कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं.

आता बिस्किटांकडं येऊ. युरोपात नाताळला आल्या-सुंठेची गडद तपकिरी बिस्किटं करतात. त्यांचा रंग आणि ती किंचित कडवट गोडी येते साखरेच्या कारखान्यातून उरलेल्या काळ्या पाकामुळं. तो पाक इकडं शोधत बसू नकोस. आपल्याकडं काकवी आहे. उसाचा रस काहिलीत आटत आटत गूळ व्हायला आला की त्याच्या जरा अलीकडं उतरवलेली ती काकवी. आत्ता गुऱ्हाळांचा ऐन हंगाम आहे, करवीर-पन्हाळ्याच्या बाजूला कुणी ओळखीचं असेल तर बाटली भरून मिळेल, नाहीतर बाजारात मिळतेच. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आपण नाताळच्या पाककृतीत 'ब्राऊन शुगर' वाचून सुपरमार्केट धुंडाळतो! लांबची कृती आणि जवळचं सामान, हीच आपल्याकडची जुनी रीत आहे. केरळात तलश्शेरीला मंबल्ली बापू नावाचे बेकरीवाले होते. १८८३ साली मर्डॉक ब्राऊन या इंग्रज मळेवाल्यानं त्यांना विलायतेचा केक चाखायला दिला आणि तसाच करून मागितला, असं सांगतात. ब्रँडी आणायला सांगितली होती. बापूंनी काजूच्या बोंडांपासून केलेली गावठी दारू वापरली आणि केळी घातली. साहेब खूश झाला. भारतातला पहिला नाताळचा केक म्हणून ती गोष्ट अजून सांगितली जाते.

तर घे लिहून. पाव किलो कणीक, १०० ग्रॅम तूप, १०० ग्रॅम बारीक चिरलेला गूळ, तीन मोठे चमचे काकवी, दोन लहान चमचे सुंठपूड, एक चमचा दालचिनीची पूड, दोन लवंगा कुटून, पाव चमचा मीठ, अर्धा लहान चमचा खायचा सोडा. आणि लागेल तसं दूध, दोन-तीन चमचे. अंडं नाही, त्यामुळं सासूबाईंनाही चालेल. गूळ पिवळाधमक नको, काळपट तांबूसच घे. दिसायला तो मागं पडतो, पण बिस्किटाला चव त्याचीच येते.

तूप, गूळ आणि काकवी मंद आचेवर एकत्र ठेव. गूळ विरघळला की लगेच उतरव. पाक करायचा नाही, उकळी फुटू द्यायची नाही. उकळी आली की बिस्किटं चिक्कीसारखी दातात अडकतात. हे मी करून बसलेय, तेव्हा माझं ऐक. मिश्रण कोमट होऊ दे. कणकेत सोडा, मीठ आणि मसाले चाळून घाल, मग त्यात हे कोमट मिश्रण ओत आणि हातानं गोळा कर. पोळीच्या कणकेसारखं मळायचं मात्र नाही. आपल्या हाताला सवय असते ना, गोळा दिसला की मळत सुटायची! मळलंस की बिस्किट चिवट होतं. कोरडं वाटलं तर चमचाभर दूध, जमेल एवढंच. गोळा झाकून फ्रीजमध्ये ठेव. तासभर पुरतो, पण तुला नोकरी आहे, तेव्हा रात्री भिजवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजलंस तरी बिघडत नाही. उलट मसाला मुरतो.

गोळा बाहेर काढलास की दगडासारखा वाटेल. घाबरू नकोस, पाच-दहा मिनिटांत नरमतो. दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाट. जाडी शंकरपाळीएवढी, करंजीच्या पारीइतकी पातळ नको. मग कातणीनं चौकोन काप, किंवा वाटीनं गोल, आणि लेकीला चांदणीचा साचा हवा असेल तर पुठ्ठ्याची चांदणी ठेवून सुरीनं कापून दे. ओव्हन १७० अंशांवर आधी दहा मिनिटं तापव. पहिल्या खेपेला चारच बिस्किटं भाज. हे मनावर घे. प्रत्येक ओव्हनची तापमानाची कळ आपल्या मर्जीनं चालते, आकडा १७० चा आणि आत १९० असं सर्रास असतं, आणि गूळ जळायला वेळ लागत नाही. दहा ते बारा मिनिटं. कडा जरा गडद झाल्या की काढ. मधे दाबून पाहिलंस तर मऊच लागेल आणि तुला वाटेल कच्ची राहिली. राहिली नाहीत. ट्रेवरच दहा मिनिटं सोड, गार होताना कडक होतात. याच भीतीनं आणखी पाच मिनिटं ठेवली की दुसऱ्या दिवशी ती फरशीला लावायच्या लायकीची होतात.

चाळीसेक होतील. त्यातली दहा घरात संपतील, हे धरूनच चाल. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस. आणि ती ताजी असताना जितकी लागतात, त्याहून दुसऱ्या दिवशी चांगली लागतात. म्हणजे घाईची गरज नाही हे तिसऱ्यांदा सिद्ध झालं.

ज्या वाचकांकडं ओव्हन नाही, त्यांनी जाड बुडाची कढई घ्यावी, तळाशी मीठ पसरावं, त्यावर छोटी तिवई ठेवून झाकण लावून दहा मिनिटं तापवावी आणि ताटलीत बिस्किटं ठेवून पंधरा-अठरा मिनिटं मंद आचेवर भाजावीत. थोडीथोडी करावी लागतात. कुकर वापरायचा झाला तर जुना घ्या, रिंग आणि शिट्टी काढा, पाणी घालू नका. रोजच्या कुकरचं मात्र यानं भलं होत नाही.

किंवा बेकरीत भाजून आणायची. हे आता कमी झालंय, पण सामान घेऊन गेलं तर भट्टीत भाजून देणाऱ्या बेकऱ्या अजून सापडतात. माझ्या लहानपणी आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. दिवाळीच्या आधी आणि पुन्हा नाताळच्या आठवड्यात आमच्या जवळच्या बेकरीच्या मागच्या दारी रांग लागायची. रवा, मैदा, पिठीसाखर, तूप घरून न्यायचं. तिथला माणूस मोठ्या परातीत तूप-साखर तळहातानं फेटायचा, फेसून पांढरी होईपर्यंत. त्याच्या मनगटापर्यंत तूप असायचं आणि तो त्याच हातानं कान खाजवायचा, हे आम्ही पोरं आईला कधी सांगितलं नाही. मग पत्र्यावर नानकटाई थापून, पत्र्याच्या कडेला खडूनं नंबर घालून, लांब दांड्याच्या फावड्यानं पत्रा आत. नाताळला त्याच भट्टीत ख्रिस्ती घरांतून आलेले केकचे पत्रे असायचे, आणि त्या दिवशी रांगेत उभं राहिलं की दालचिनीचा वास कपड्यांत बसायचा. एका वर्षी आमचा नंबर होता १४. घरी डबा उघडला तर आत दुसऱ्याचीच नानकटाई. आम्हाला ४१ नंबरची आली होती. आई तशीच चप्पल घालून परत गेली, भांडून आली, पण आमची कुणीतरी नेली ती नेलीच. वाईट याचं की त्या ४१ वाल्यांची नानकटाई आमच्यापेक्षा चांगली निघाली. आईनं हे मरेपर्यंत कबूल केलं नाही. पुढच्या वर्षी मात्र तिनं रवा कमी केला, आणि प्रत्येक नानकटाईवर तीन चारोळ्या टोचल्या, ओळख म्हणून. अजून आमच्या घरी तीनच टोचतो.

तूही अशी काहीतरी खूण ठेव. बिस्किटाच्या कोपऱ्यात काट्यानं दोन टोचे पाड, नाहीतर एकेक बदामाचा काप बसव. दरवर्षी तेच. बाईंना दुरून कळलं पाहिजे की ही तुझी.

सरांसाठी वेगळं हवंच. गुळाची बिस्किटं 'साखर नाही' म्हणून सरांपुढं ठेवू नकोस, गूळही रक्तात जाऊन साखरच होतो. पहिल्यांदा माझ्या मनात भडंग आलं, पण चुरमुरे म्हणजे पुन्हा तांदूळच. म्हणून शेंगदाण्याची चटणी. आणि ती तू करायची नाहीस, सासूबाईंना सांगायचं. दाणे मंद आचेवर खमंग भाजून, सालं काढून, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात. मिक्सरमध्ये नको, दाण्यांना तेल सुटायला लागलं पाहिजे, लगदा व्हायला नको. ज्या बाई सात वर्षं त्यांच्यासाठी बिनअंड्याचा तुकडा वेगळा बांधतात, त्यांच्या यजमानांसाठी वाटीभर चटणी कुटायला सासूबाई नाही म्हणणार नाहीत. म्हटल्याच, तर फक्त एवढं म्हण, "मला तुमच्यासारखी जमत नाही." हे खरंही असेल. मीठ बेतानं घालायला सांग, त्या वयात रक्तदाबही असतो.

लेकीचं काम सोपं आहे. माळ्यावर दिवाळीचा आकाशकंदील असेल, त्याच्या काड्या सुट्या कर. नसेल तर बुरुडाकडून बांबूच्या पातळ काड्या आण. पाच काड्यांची एक चांदणी, तशा दोन. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाची टोकं दोऱ्यानं बांधायची, आणि आतल्या बाजूला जिथं काड्या एकमेकींवरून जातात, तिथं बोटाएवढ्या पाच काड्या उभ्या अडकवायच्या, म्हणजे मध्ये पोट सुटतं. बांधायचं काम बाबाचं. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्यालाही काहीतरी काम हवं ना! कागद चिकटवायचं काम तिचं. संक्रांतीमुळं आत्ता बाजारात पतंगाचा कागद मुबलक आहे, उजेड त्यातून छान येतो. खळ घरीच शिजव, दोन चमचे मैदा आणि वाटीभर पाणी. एखादी बाजू चुरगळेल, एखादी फाटेल, तिथं दुसऱ्या रंगाचा तुकडा लावू दे. तू नंतर नीट करून द्यायला जाऊ नकोस. रात्री ती झोपल्यावर तर मुळीच नको, सकाळी तिला कळतं.

बांधणीवर खर्च करू नकोस. चमकी कागद, फिती, गोंडे असलं काही नको. बाईंचाच डबा आहे, तोच घासूनपुसून वापर. तळाशी कागद, त्यावर बिस्किटं, चटणीची छोटी बरणी मधोमध म्हणजे ती हलणार नाही. घरात जुनी सुती साडी असेल तर हातभर तुकडा फाडून कडा दुमड, डब्याला गाठोड्यासारखा बांध. मग तो रुमाल बाईंकडं राहील आणि पुढच्या वर्षी डब्यावर बांधून परत येईल, बघच तू. साखरेची मूठ मात्र यंदाही घाल, छोट्या पुडीत. सात वर्षांची रीत आहे, ती कशाला मोडायची.

आणि चिठ्ठी घाल. शुभेच्छांची तयार ओळ नको. बाई जशी लिहितात तशीच कामाची चिठ्ठी: 'बिस्किटं बाईंसाठी. कणीक, गूळ, काकवी, तूप, सुंठ. चटणी सरांसाठी, गोड नाही. सासूबाईंनी केली आहे.' केक बसल्याचंही लिहून टाकायला हरकत नाही. शिक्षिका आहेत त्या, चुकलेलं गणित बघायची त्यांना सवय आहे, आणि कदाचित एखाद्या रविवारी तुला शेजारी उभं करून केक शिकवतील. तुझ्या ऐवजी मी असते तर त्यासाठीच लिहिलं असतं.

कधी द्यायचं? ६ तारीख सगळ्यांत चांगली, पण आठवड्याच्या मधे आली आणि ऑफिसमुळं जमलं नाही तर आधीच्या रविवारी दे, चर्चमधून परत आल्या की. नवऱ्याच्या हाती पाठवू नकोस, तो दारातूनच देऊन येईल. तुम्ही तिघी जा, चांदणी घेऊन. आणि हे सगळं संक्रांतीवर ढकलू नकोस, ते मनात येईल तुझ्या. १४ जानेवारीचा तिळगूळ तू बाईंना तसाही देतेस, तो नाताळच्या खात्यावर मांडायचा नाही.

बिस्किटं करून झाली की दोन ओळी लिहून कळव. जळली तर खालून जळली की वरून, आणि ट्रे ओव्हनच्या कितव्या खणात ठेवला होतास, हे मात्र नीट लिही. नुसतं 'बिघडली' म्हणून लिहिलंस तर मला काहीच सांगता येणार नाही.